मधमाशीसाठी कायदा आहे, तो वापरा

निपाणी-बेळगाव पट्ट्यात मधमाशीच्या संरक्षणाचा विषय काढला की पहिले उत्तर ठरलेले असते: आमचा भाग उसाचा आणि तंबाखूचा, माशीवाचून काय अडते? ऊस कांडीवर लागतो आणि तंबाखूचा शेंडा खुडूनच टाकतात, हे खरे. पण त्याच शिवारातल्या दोडक्या-काकडीला नर आणि मादी फुले वेगळी येतात. माशी फिरली नाही तर मादीफूल गळून जाते. सूर्यफुलाचे दाणे पोचट राहतात. खानापूर-चंदगडच्या काजूच्या मोहरालाही परागीकरणासाठी कीटकच हवेत.

दुसरे उत्तर सरकारी: पेट्या वाटतो आहोत. केंद्राने मधमाशीपालन आणि मध अभियानाला 500 कोटी दिले, हे चांगलेच झाले. परंतु पेटीत सातेरी जातीची माशी नांदते; आग्या आणि फुलोरी या जाती पेटीत राहतच नाहीत. शिवाय शेजारच्या रानात भर दुपारी फुलोऱ्यावर औषध मारले तर पेटीतली सातेरी तरी कशी वाचणार?

तिसरा आक्षेप मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकून माणसे मागणी करायचेच सोडून देतात. म्हणे, कायद्यात मधमाशीचे नावच नाही! 1968 चा कीटकनाशक कायदा उघडून पाहावा. त्यातल्या व्याख्येप्रमाणे माणसाच्या उपयोगाचे जीव हे ‘प्राणी’ आहेत. शेतकऱ्याला मधमाशीहून उपयोगी जीव कोणता? कलम 27 नुसार माणसांना किंवा अशा प्राण्यांना धोका दिसला की राज्य सरकार नेमक्या भागापुरती, 60 दिवसांपर्यंत, औषधाची विक्री आणि वापर थांबवू शकते. चौकशी अपुरी राहिली तर आणखी 30 दिवस. सूर्यफुलाचा फुलोरा त्याच्या कितीतरी आधी सरतो. एंडोसल्फान या कीटकनाशकावर बंदी घालताना कर्नाटकाने 2011 मध्ये याच कलमाचा आधार घेतला. यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली तेव्हा, 2017 मध्ये, महाराष्ट्रानेही काही औषधांवर तात्पुरती बंदी घातली.

अशा बंदीने शेतकरी बुडेल, हे म्हणणेही टिकत नाही. आम्ही सगळी औषधे बंद करा म्हणत नाही. फुलोऱ्यातल्या पिकावर, माशीला मारक ठरलेली औषधे, तेवढ्याच दिवसांपुरती थांबवा, एवढेच म्हणतो. बाकीची फवारणी सूर्य मावळल्यावर होऊ शकते. मात्र इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे झाडात भिनून परागात आणि मधुरसात उतरतात. तिथे संध्याकाळची वेळ पाळून भागत नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह अशा तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो याच धोक्यामुळे.

म्हणून मागणी नेमकी हवी. कलम 26 खाली सरकार विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करू शकते. त्या आदेशात मोहोळे आणि पेट्या मरण्याच्या घटनाही घाला. दोन्ही राज्यांनी बंदीच्या तारखा एकत्र ठरवाव्यात, कारण कर्नाटकातल्या कोगनोळीत बंद केलेले औषध महाराष्ट्रातल्या कागलात खुले राहिले तर माशी दोन्हीकडे मरते. औषधाच्या पुड्यातली माहितीपत्रिका त्या भागातल्या भाषांत असावी, असा नियम आहे. निपाणीत ती कन्नडइतकीच मराठीतही मिळाली पाहिजे, आणि फुलोऱ्यात फवारू नका ही सूचना तिच्यात ठळक अक्षरांत हवी.