पोर्शन संपला, इतिहास राहिला!

‘सर, पोर्शन कधी संपणार?’ हे तुम्हीही विचारलंय ना? अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या आई-बाबांनाही हीच धास्ती असते.

तिथल्या ‘क्लासिकल’ पद्धतीत जगाचा इतिहास क्रमाने चार वर्षांत शिकवतात. पहिलीत इजिप्त, चौथीत महायुद्धं. पाचवीत आणि नववीत पुन्हा इजिप्त, दर वेळी जास्त खोलात. मला हे पटतं. आपण चौथीत शिवराय शिकतो आणि सहावीत हडप्पा. सतराव्या शतकातून थेट साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या काळात उडी! काळाची साखळी डोक्यात बसणार कशी?

पण एक गोची आहे. सुझन वाइज बाउअर यांच्या ‘द स्टोरी ऑफ द वर्ल्ड’च्या पहिल्या भागात 42 धडे आहेत आणि शाळेचं वर्ष साधारण 36 आठवड्यांचं. तयार वेळापत्रक हा हिशेब जमवून देतं. रोज रात्री ‘उद्या काय शिकवू?’ ही डोकेफोड वाचते. फायदा खराच. पण सहा वर्षांची पोर ममीतच रमली तर? कागद म्हणतो, पुढे चला.

अशा वेळी कागद फाडू नका, नुसता पुढे सरकवा. राहिलेला धडा पाचवीत परत भेटणारच आहे!

उद्या तुम्ही धाकट्या भावंडाला इतिहास सांगाल, तेव्हा वेळापत्रक जरूर करा. फक्त दोन-चार आठवडे कोरे ठेवा. प्रश्न तिथेच उगवतात.