कर्णधारपद आणि कर्तेपण

एकत्र कुटुंबांत कर्तेपण कसें मिळवावें व कसें चालवावें, ह्याविषयीं आपल्याकडे उपदेशाची वाण नाहीं. तें सोडावें कसें, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ह्या महिन्यांत तोच विषय घेण्याचें योजिलें आहे. दृष्टान्त आमच्या बोरीवलीचा, पण क्रीडांगणावरचा आहे.

रोहित शर्मा हें नांव आतां घरोघर ठाऊक आहे. वडिलांची प्राप्ति बेताची, म्हणून तो बोरीवलीस आजी-आजोबा व काका ह्यांच्यापाशीं वाढला. येथील स्वामी विवेकानंद शाळेचे क्रिकेट-शिक्षक श्री. दिनेश लाड ह्यांनीं त्याचे गुण हेरले, त्यास आपल्या शाळेंत आणविलें व फी माफ करविली. आमच्या उपनगराचाच मुलगा, म्हणून येथें एकेरी उल्लेख करतों.

२०१३ सालीं मुंबई इंडियन्स संघाचा कर्णधार रिकी पाँटिंग होता. ऑस्ट्रेलियाला २००३ व २००७ सालीं विश्वचषक मिळवून देणारा हा धुरंधर. परंतु आपल्या धावा होत नाहींत असें पाहून तो स्पर्धेच्या मध्यावर बाजूस झाला व सूत्रें तरुण रोहितच्या हातीं आलीं. पाँटिंग रुसून मायदेशीं गेला नाहीं; संघाबरोबरच राहिला. त्याच वर्षीं मुंबईनें ती स्पर्धा प्रथम जिंकली, आणि पुढें रोहितच्या हाताखालीं आणखी चार वेळां.

मग चाक फिरलें. २०२४ च्या हंगामासाठीं तें पद हार्दिक पंड्या ह्याजकडे गेलें. वानखेडे मैदानावर घरच्याच प्रेक्षकांनीं नव्या कर्णधाराची हुर्यो उडविली, आणि दहा संघांत मुंबईचा क्रमांक दहावा लागला. त्यानंतर दीड महिन्याच्या आंतच, २९ जून रोजीं, बार्बाडोस येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताचा कर्णधार रोहित होता. दक्षिण आफ्रिकेस शेवटच्या षटकांत १६ धावा हव्या होत्या, आणि चेंडू दिला गेला तो हार्दिकच्याच हातीं! पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादव ह्यानें सीमारेषेवर अवघड झेल घेतला, आणि भारतानें ७ धावांनीं सामना जिंकला. मागचा हिशेब उगाळीत बसणाऱ्या कर्णधारास हें साधलें नसतें.

२०२५ च्या ऑक्टोबरांत एकदिवसीय संघाचें कर्णधारपदही रोहितकडून शुभमन गिल ह्याजकडे गेलें. वयांत बारा वर्षांचें अंतर. त्याच महिन्यांत सिडनी येथें ह्या धाकट्याच्या हाताखालीं खेळून थोरल्यानें नाबाद १२१ धावा केल्या.

आतां घराकडे वळूं. सेवानिवृत्तीनंतर मीं घरखर्चाची वही मुलाकडे सोंपविली. वही दिली, परंतु रोज सायंकाळीं "विजेचें बिल भरलेंस का? दूध एवढें कशाला घेतलें?" हें विचारणें कांहीं सुटलें नाहीं. एके दिवशीं त्यानें ती वही निमूटपणें माझ्या पुढ्यांत आणून ठेवली. तो कांहींच बोलला नाहीं. बोलला असता तर बरें वाटलें असतें.

मैदानावर असें घडलें तर काय होईल? नवा कर्णधार क्षेत्ररक्षकास सीमारेषेकडे पाठवितो, जुना त्यास जवळ बोलावितो. तो बिचारा मध्येंच घुटमळतो, आणि चेंडू नेमका तेथूनच निसटतो. घरांत त्या क्षेत्ररक्षकाच्या जागीं सून आणि नातवंडें असतात. दोन आज्ञांमध्यें तीं उभीं राहतात, आणि दोष मात्र त्यांच्या पदरीं पडतो.

ह्याचा अर्थ वडीलधाऱ्यांनीं मौन धरावें असा नव्हे. अनुभव हा कुटुंबाचा ठेवा आहे. तो विचारला असतां, आणि निर्णयापूर्वीं द्यावा. निर्णय झाल्यावर मात्र ज्या जागीं उभें केलें असेल तेथें उभें राहून आपल्याकडे येणारा चेंडू अडवावा. वानप्रस्थासाठीं आतां वनें उरलीं नाहींत. तो घरांत राहूनच साधावयाचा आहे, आणि म्हणूनच अधिक कठीण आहे.

ती वही मीं मुलाकडे परत दिली आहे. सायंकाळीं प्रश्न ओठांवर आला कीं तोंडांत सुपारी टाकतों. सुपारीचा खर्च वाढला आहे खरा. पण मुलानें त्याविषयीं अद्याप विचारलेलें नाहीं.