रक्त तपासायला देताना



बाजार समितीत माल घालताना आपण आधी काटा बघतो. रक्त देताना मात्र काहीच विचारत नाही. आमच्या मंडळींचे रक्त सकाळी गावात घेतले, साध्या नळीतून दुपारी तालुक्याला पोचले. साखर कमी निघाली. गोळी कमी होणार होती, पण डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावले, तेव्हा साखर चढलेलीच होती!

रक्त तसेच ठेवले की त्यातल्या पेशी साखर खातात. तासाला सुमारे ५ ते ७ टक्के घटते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची, बहुधा करड्या बुचाची, नळी वापरतात.

चांगली प्रयोगशाळा उत्तर ठाऊक असलेला नमुना यंत्रावर आधी लावते. तो जुळला तरच रुग्णांचे नमुने घेते. अशी शिस्त पाहून 'एनएबीएल' हे मंडळ आयएसओ १५१८९ या मानकानुसार मान्यता देते. ती घेणे ऐच्छिक असते आणि ती चाचणीवार मिळते. तेव्हा विचारा: माझ्या चाचणीला मान्यता आहे का? नळी कोणती? तपासणी किती वेळात?

मातीचा नमुना चुकला तर खत वाया जाते. इथे औषधच चुकते.