ठेवू की सोडू?

मागच्या मंगळवारची गोष्ट. सकाळचे साडेआठ, पहिला चहा हातात आणि मोबाईल टुणकन वाजला. ‘या आयडियाला ३० दिवस झाले. ठेवायची की सोडायची?’ आयडिया कुठली? तर ‘हे ॲप प्ले स्टोअरवर टाकणे.’ म्हणजे मीच बनवलेलं ॲप मलाच विचारत होतं, बाई गं, माझं काय करायचं ते एकदाचं ठरव!

थोडा फ्लॅशबॅक. आम्हा फ्रीलान्स मंडळींना ना पगार, ना पीएफ. आमचं भांडवल म्हणजे डोक्यातल्या आयडिया. त्या सुचतात पीएमपीच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत नाहीतर शाम्पूचा फेस डोळ्यात गेलेला असताना. मग त्या कुठेही लिहिल्या जातात. वीजबिलाच्या पाठीवर, वॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये, अर्धवट सोडलेल्या एक्सेल शीटमध्ये. परिणाम? गेल्या वर्षी एका संपादकांना मी एकच विषय दोनदा पाठवला. ‘याला आपण मार्चमध्येच नाही म्हटलं होतं,’ असं त्यांचं अतिशय सभ्य उत्तर आलं. त्या दिवशी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

त्या लाजेतून हे ॲप जन्मलं. मी मास कॉमवाली. कोडिंगशी माझा संबंध म्हणजे दहावीपर्यंतचा कॉम्प्युटरचा पेपर. पण हल्ली एआय चॅटबॉटला साध्या भाषेत सांगितलं की तो कोड लिहून देतो. अडलं तिथे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला आतेभाऊ मदतीला. फंडा सिंपल होता. आयडिया काय, कुणाच्या बोलण्यातून सुचली, कुणाला पाठवली, पुढे काय झालं? चार रकाने, बस्स. आणि ३० दिवस हात लावला नाही की तो प्रश्न, ठेवायची की सोडायची? सहा महिन्यांत ६४ आयडिया आत गेल्या, ११ छापून आल्या. माझ्यासाठी हे सॉलिड होतं!

आता कुठलीही गोष्ट जमली की आपल्याकडे पुढचं वाक्य ठरलेलं, ‘अगं, मग विक ना!’ रूममेट म्हणाली, आतेभाऊ म्हणाला. खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या झाल्याच. प्ले स्टोअरवर आपलं नाव! खर्चही फार नव्हता. गूगलचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. ॲपलचे वर्षाला ९९ डॉलर, म्हणून ते बाजूला ठेवलं. पण गूगलची एक अट निघाली. नवीन वैयक्तिक खात्यावरून ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं, तर आधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस टेस्ट करायचं.

बारा माणसं? अरे, बारा तर आमच्या सोसायटीच्या जिन्यात भेटतात! दोन दिवसांत टीम तयार. आणि गंमत सुरू झाली. मावशीने त्यात दिवाळीच्या फराळाची यादी केली. एका मित्राने नोकरी बदलण्याचे बेत लिहिले आणि बॉसला दिसणार नाही ना, असं मला तीनदा विचारलं. आतेभाऊ म्हणाला, ‘ताई, तुझं ॲप आईसारखं मागे लागतं.’ मी खूश. लोक वापरतायत यार!

नवव्या दिवशी मी एक छोटासा अपडेट पाठवला. रंग बदलायचा होता, एवढंच. दुपारी हिंजवडीत एचआरमध्ये असलेल्या मैत्रिणीचा फोन. ‘अगं, माझं सगळं कोरं दिसतंय.’ ती रात्री उशिरा, सगळं आटपल्यावर, एक नाटक लिहिते. गेले आठ दिवस सुचेल तो संवाद ॲपमध्ये टाकत होती. २३ नोंदी. गेल्या. आतेभाऊ आणि मी रात्री दोनपर्यंत बसलो, काही हाती लागलं नाही. गडबड कुठे झाली तेही मला नीट कळलं नाही, कारण तो कोड मी लिहून घेतला होता, समजून घेतला नव्हता.

ती चिडली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली, ‘असू दे गं, पुन्हा लिहीन.’ मला माहितीये, सुचलेलं वाक्य पुन्हा तसंच सुचत नाही. अहो, त्यासाठीच तर ॲप बनवलं होतं!

यावर बाकीच्यांचा सल्ला, ‘क्लाऊडवर बॅकअप दे.’ म्हणजे काय, तर नाटकाचे संवाद, नोकरी सोडण्याचे बेत, सगळं मी घेतलेल्या सर्व्हरवर येणार. दर महिन्याला त्याचं भाडं, त्याच्या कुलपाची काळजी, शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार येणारी जबाबदारी. आणि उद्या मला कंटाळा आला तर? मोठ्यांनाही येतो. वंडरलिस्ट हे कामांच्या याद्यांचं लाडकं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोटचे मालक बदलले आणि २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना फक्त ५० नोट्सची मर्यादा आली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही कथा, तर मग एका फ्रीलान्सरच्या भरवशावर कुणी आपलं डोकं का ठेवावं?

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. ती कैरी चिरत होती. म्हणाली, ‘घरच्या लोणच्याला बुरशी आली तर वरचा थर काढून आपण गुपचूप खातो. विकलेल्या बरणीला आली तर काय करशील?’ चौदा दिवसांच्या टेस्टिंगचं सार तिने एका वाक्यात सांगून टाकलं.

आणि आणखी एक हिशेब होता, जो मी स्वतःपासून लपवत होते. ॲप चकाचक करण्याच्या दोन महिन्यांत मी त्यात नऊ नव्या आयडिया टाकल्या. लेख किती लिहिले? एक! आयडिया सांभाळायच्या नादात आयडियांचंच उपोषण चाललं होतं.

तर मंडळी, निर्णय झाला. स्टोअरवर टाकणार नाही. पण दडवूनही ठेवणार नाही. गिटहबवर सगळा कोड एमआयटी लायसन्सखाली खुला केलाय. कुणीही घ्या, बदला, स्वतःच्या नावाने विकासुद्धा, फक्त ते लायसन्स सोबत ठेवा. आणि ‘जसं आहे तसं, कसलीही हमी नाही’ हे त्या लायसन्समध्येच लिहिलेलं असतं. थोडक्यात, बरणी विकणार नाही, रेसिपी देणार. आतेभावाने सगळ्या नोंदी साध्या फाईलमध्ये बाहेर काढायचं बटणही जोडून दिलं. ते पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, हे मान्य. आमच्या बारांपैकी सात जण अजून ॲप वापरतात. मैत्रीण मात्र वहीवर परतली. नाटकाचा पहिला अंक झालाय म्हणे.

मग मी त्या मंगळवारच्या प्रश्नावर ‘सोडायची’ दाबलं. खाली लगेच दुसरी नोंद उभी, ५८ दिवस जुनी. दोनदा ‘ठेवायची’ म्हणून टाळलेली. या वेळी बटण नाही दाबलं. त्या बाईंना फोन लावला आणि भेटायची वेळ घेतली.

तुमच्याही फोनमध्ये असेलच की अशी एखादी ५८ दिवसांची नोंद?