खार कोणी खाल्ला?

मराठी ललित गद्यात लोणच्याची एक बरणी आहे. ती चिनी मातीची असते, तिच्या तोंडाला दादरा बांधलेला असतो आणि ती माजघरातल्या फडताळात असते. तिच्या शेजारी आजी असते. दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून ही बरणी इतक्यांदा उघडली गेली आहे, की एव्हाना तिच्यात बुरशी धरायला हवी होती. माझे भांडण आजीशी नाही. लोणच्याशी तर नाहीच. दरवर्षी मेच्या अखेरीस मी स्वतः पाच किलो कैरीचे लोणचे घालते. भांडण आहे ते लेखकाने या बरणीतून काय वाढून घेतले आणि काय तळाशी ठेवले, याविषयी. त्याने फोडी घेतल्या. खार ठेवला.

खार म्हणजे लोणचे संपल्यावर उरणारे पाणी, अशी एक समजूत आहे. ती मुळातच चुकीची आहे. कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळली, की काही तासांत मीठ फळातले पाणी ओढून बाहेर काढते. त्या आंबट पाण्यात मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट आणि गार केलेल्या फोडणीचे तेल उतरते. फोड मुरते ती या रसात बुडून राहिल्यामुळे, आणि टिकते तीही त्यामुळेच. मीठ व आंबटपणा जंतूंची वाढ रोखतात. वरचा तेलाचा थर हवा रोखतो. खाराच्या वर उघडी पडलेली फोड सर्वांत आधी बुरसते, हे लोणचे घालणारी कोणतीही बाई सांगेल. भाषेच्या विद्यार्थ्याला तर हे शब्दातच दिसायला हवे. 'लोण' म्हणजे लवण. लोणचे या नावात आंबा नाही, लिंबू नाही, मीठ आहे. असे असूनही आपली सारी प्रशंसा फोडीच्या वाट्याला येते. राजकारणी 'मुरलेला' असतो, गवई 'मुरलेला' असतो. तो कशात मुरला, हे विचारण्याची पद्धत नाही.

घरच्या लोणच्याचा खरा आनंद फोडी संपल्यावरच सुरू होतो, असे माझे मत आहे. मऊ भात, मेतकूट, तूप आणि वर चमचाभर खार यांपुढे पंचपक्वान्नांनी मान खाली घालावी. पातळ पोह्यांना खार, कच्चे तेल, बारीक चिरलेला कांदा आणि भाजलेले शेंगदाणे लावले, की संध्याकाळची वेळ निभते. थालीपिठाच्या भाजणीत खार घातला, तर तिखट-मीठ वेगळे घालावे लागत नाही. आमटीत चिंच किंवा आमसुलाऐवजी कैरीचा खार चालतो; मीठ मात्र चाखून घालावे. लिंबाच्या लोणच्याचा खार उरला, तर त्यात हिरव्या मिरच्या, आल्याचे आणि ओल्या हळदीचे काप किंवा गाजराच्या फोडी टाकता येतात. येथे एक सावधगिरी हवी. नव्या फोडींचे पाणी सुटून खार पातळ होतो आणि त्याची टिकवण्याची शक्ती घटते. म्हणून थोडे मीठ व लिंबाचा रस वाढवावा, बरणी फ्रीजमध्ये ठेवावी, आठवडाभरात संपवावी आणि तोच खार पुन्हा तिसऱ्यांदा वापरू नये.

हे सारे घराघरांत चालत आले आहे. मग आपल्या लेखनात ते का येत नाही? कारण खार टंचाईची आठवण करून देतो. फोड वाढली जाते. खार निपटून घ्यावा लागतो. स्मरणरंजनाला निपटण्याची क्रिया मानवत नाही. त्याला भरलेली बरणी हवी असते.

हे मी उंच आसनावरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'आमच्या घरचे लोणचे' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. बहुतेक निबंधांत बरणी तीच, आजीही तीच. एका मुलीने अर्धेच पान लिहिले. त्यांच्या घरी लोणचे घातले जात नसे. आई ज्या घरी धुण्याभांड्याला जाई, तेथे नव्या लोणच्यासाठी जुनी बरणी रिकामी केली जाई आणि तळाचा खार तिला मिळे. त्यात फोडी नसत. चार दिवस भाकरी त्याच्याशी खाल्ली जाई. फोडीचे लोणचे तिने प्रथम वसतिगृहात खाल्ले आणि त्यात खार कमी म्हणून तिला ते आवडले नाही. एवढेच. मी त्याखाली 'विषयाचा विस्तार हवा' असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले. विस्तार म्हणजे मला काय हवे होते? बरणी हवी होती, आजी हवी होती. ज्या अभिरुचीवर मी येथे टीका करते आहे, तिच्या वतीने तो शेरा मीच लिहिला होता.

त्याच बरणीविषयी आणखी एक गोष्ट लेखकांनी झाकून ठेवली आहे. 'अडचण' असलेल्या बाईने लोणच्याला शिवायचे नाही, नाहीतर ते नासते, हा नियम कित्येक घरांत पाळला गेला. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, नीट न पुसलेल्या कैरीने, कमी पडलेल्या मिठाने. कैऱ्या फोडायच्या, मोहरी फेसायची, बरण्या उन्हात तापवायच्या आणि महिन्यातले चार दिवस त्याच बरणीपासून दूर बसायचे, हा अनुभव आजीच्या हाताच्या चवीत विरघळवून टाकणे ही साधी विस्मृती नव्हे. ती निवड आहे.

यावर कोणी म्हणेल, की ललित लेखाने समाजशास्त्राचा भार का वाहावा? तो वाहू नये. पण चवीविषयी लिहिणाऱ्याने चव तरी पूर्ण सांगावी. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद करणाऱ्या या पुस्तकाने शीर्षकातच एका 'अ'ची भर घालून आपल्या भरल्या ताटातली उणीव दाखवून दिली. त्यानंतरही आपण तीच बरणी उघडत राहिलो, तर तो अज्ञानाचा दोष राहत नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. खार म्हणजे मीठच, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आक्षेप रास्त आहे. रक्तदाब असलेल्यांनी तो मानावाच, आणि इतरांनीही चमचा लहान ठेवावा. पण तो फोडीलाही लागू आहे. फोडीचे गोडवे गाताना ज्यांना मीठ आठवत नाही, त्यांना ते खाराशी आल्यावरच आठवावे, हे विशेष.

आता उरलेल्या खारातून काय काय करता येते, हे 'शून्य कचरा' या नव्या नावाखाली शिकवले जाऊ लागले आहे. शिकवावे, खार मोरीत ओतला जाण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. फक्त हा शोध आपला आहे, असे कोणी मानू नये. ज्यांच्या घरी फक्त खारच येत असे, त्यांनी तो कधीच लावला होता.

तो निबंध आता माझ्याजवळ नाही. असता, तर वर्गात वाचून दाखवला असता आणि शेरा खोडला असता. या वर्षीही निबंधाचा विषय तोच ठेवणार आहे. फक्त शीर्षक बदलले आहे: 'बरणीच्या तळाशी'.