शंभर टक्के दुष्ट

गेल्या उन्हाळ्यात माझा नातू सुट्टीला धाराशिवला आला होता. वय तेरा, इयत्ता आठवी. मोहल्ल्यातली आणखी चार पोरे जमवून त्याने ओसरीवर एक दोनशे पानी वही उघडली होती. वहीवर मोठ्या अक्षरांत मथळा होता, 'शंभर टक्के दुष्ट'. सिनेमांतले आणि मालिकांतले खलनायक एकेक करून घ्यायचे आणि ठरवायचे, की हा नुसता वाईट आहे की निखालस, भेसळ नसलेला दुष्ट आहे. पहिल्या पानावर नियम लिहिले होते. त्याची कुणावरही माया नसावी. केल्याचा पस्तावा नसावा. दुष्टपणाला पटण्याजोगे कारण नसावे. आणि जे केले ते कुणाच्या धाकाने नव्हे, स्वत:च्या राजीखुशीने केलेले असावे.

नियम ऐकून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. सत्र न्यायालयात चालेल असे कामकाज चालले होते. थानोसचे नाव पंधरा मिनिटांत बाद झाले, कारण तो मुलीसाठी रडतो आणि जगाचे भले करतो आहे असे त्याला मनापासून वाटते. मोगॅम्बो पास झाला. गब्बरवर मात्र दुपार गेली. त्याने ठाकूरचे घरदार मारले, लहान पोरालाही सोडले नाही, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक पोरगा हटून बसलेला, की जो माणूस आपल्याला इतका हसवतो तो शंभर टक्के कसा? नव्वद लिहा. शेवटी मतदान झाले.

मग खिलजीचे नाव आले, 'पद्मावत'मधला. पाठोपाठ 'छावा'मधला औरंगजेब आणि पोवाड्यातला अफझलखान. तिन्ही नावे एका दमात लिहिली गेली. मी विचारले, "यांच्यावर चर्चा नाही का?" नातू मान वर न करता म्हणाला, "नाना, उसमें पूछना क्या? वो तो पक्काच है."

लिहिणारा हात आमच्याच पोराचा होता, म्हणून हा लेख.

खानाचे नाव यादीत आले याचा मला राग नाही. चित्रपटातला खिलजी चुलत्याचा खून करून तख्तावर बसतो आणि दुसऱ्याच्या बायकोसाठी किल्ल्याला वेढा घालतो. पोरांच्या नियमांत तो बसेलही. माझी हरकत एवढीच आहे, की गब्बरला सुनावणी मिळाली, खानाला मिळाली नाही. डाकूच्या बाबतीत 'त्याने काय केले' हे विचारले गेले, सुलतानाच्या बाबतीत 'तो कोण आहे' एवढ्यावर काम भागले. कल्पित पात्राचा निवाडा हा एरवी निरुपद्रवी खेळ आहे. पण ज्या पात्राला आपले आडनाव आहे त्याचा निवाडा विनाचौकशी होऊ लागला, की तो खेळ राहत नाही. आणि तसा निवाडा करायची सवय आपल्याच पोरांना लागली असेल, तर त्यांनी स्वत:विषयीही काहीतरी ठरवून टाकलेले असते.

चाहत्यांनी खलनायकाची प्रतवारी लावणे नवे नाही. ही वही हॉलिवूडच्या सिनेमांतून आली असे पोरांना वाटत असेल, पण आपल्या जिल्ह्यात हे काम कैक शतके चालू आहे आणि जुन्या लोकांचे नियम या वहीपेक्षा जास्त बारकाईचे होते. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचा खंडोबा घ्या. देव काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला मुक्कामी असतो. त्याच्या कथेत दोन दैत्य आहेत, मणी आणि मल्ल. सख्खे भाऊ, पाप सारखेच, शत्रू एकच. मणी अखेरच्या क्षणी शरण आला, त्याने आपला घोडा दिला आणि देवाच्या पायाशी जागा मागितली. त्याला ती मिळाली. मल्ल बदलला नाही, त्याचे मस्तक पायरीखाली गेले. लोककथेने दोन भावांना एका ओळीत एकाच शिक्षेने संपवले नाही, दोघांना वेगवेगळी संधी दिली आणि वेगवेगळा निकाल दिला. शिवाय न बदललेल्या मल्लाचेही नाव देवाने स्वत:ला लावून घेतले, म्हणून तो मल्हारी. याच देवाला 'मल्लूखान' म्हणणारीही परंपरा आहे. ती आज कुणाला सांगितली तर दोन्हीकडचे लोक अंगावर येतील.

महिषासुराचे तेच. दामोदर धर्मानंद कोसंबींनी 'मिथ अँड रिॲलिटी' (1962) मध्ये म्हसोबा आणि महिषासुर यांचा संबंध दाखवून दिला आहे. एका ठिकाणी देवीच्या पायाखाली असणारा दुसऱ्या शिवारात शेंदूर लावून पुजला जातो. बळीराजाची गोष्ट तर सांगायलाच नको. पुराणाने त्याला पाताळात घातले आणि आमच्या बायाबापड्या दरवर्षी त्याचेच राज्य येवो म्हणतात. खुद्द आमच्या गावाचे घ्या. धारासूरमर्दिनीचे देऊळ गावात आहे आणि त्या असुरावरून गावाचे नाव पडले असे एक आख्यान सांगतात. केंद्र सरकारने 24 फेब्रुवारी 2023 रोजी उस्मानाबादचे धाराशिव करायला मान्यता दिली. निजामाची सरंजामशाही मला कधी प्रिय नव्हती, तेव्हा त्या नावासाठी मी रडलो नाही. दाखल्यांवर जुने नाव असल्याने कार्यालयात दोन फेऱ्या जास्त पडतात, एवढेच. पण असुराचे नाव लोकांनी प्रेमाने जपले आणि मीर उस्मान अलीचे खपले नाही, हे मनात येऊन हसू आल्याशिवाय राहिले नाही.

आता आपल्या घरातले बघू. मोहरमच्या रात्री गावोगावी करबलाची कहाणी सांगितली जाते आणि मराठवाड्यात ती ऐकणाऱ्यांत निम्मे शेजारी हिंदू असतात. हिजरी 61, म्हणजे इ.स. 680. त्या कहाणीत शिमर आहे आणि त्याच्याबद्दल दुमत नाही. पण तिथेच हुर आहे. इमाम हुसैन यांचा काफिला अडवणारा पहिला सरदार हाच. लढाईच्या सकाळी तो घोडा फिरवून पलीकडे गेला आणि शहीद झाला. आणि तिथेच उमर बिन साद आहे, ज्याच्याबद्दल फार कमी बोलले जाते. हजरत पैगंबरांच्या एका थोर साथीदाराचा हा मुलगा. त्याला रै प्रांताची सुभेदारी कबूल केलेली होती. आपण करतो ते पाप आहे हे त्याला ठाऊक होते, तो घुटमळला, आणि तरी सुभेदारीसाठी त्याने सैन्य पुढे नेले. मला विचाराल तर शिमरपेक्षा हा माणूस जास्त भयंकर आहे, कारण तो माझ्यासारखा आहे. यजीदच्या बाबतीत तर आपल्या उलेमांनी शतकानुशतके वाद घातला. त्याला लानत करू नये असे मत इमाम गझालींनी दिले. इब्न अल् जौझींनी लानत करावी या बाजूने पुस्तक लिहिले. कुणाला शंभर टक्के दुष्ट म्हणायचे याची एवढी धास्ती होती आपल्याकडे. हा निकाल माणसाने देण्याआधी हात थरथरला पाहिजे, ही ती भावना.

आणि खुद्द पद्मावतीची कथा? ती 1540 च्या सुमारास मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने लिहिली. राणी ऐतिहासिक की काल्पनिक हा वाद बाजूला ठेवू. खिलजीला मोहांध रंगवणारा पहिला मोठा कवी आमचाच होता, हे जे लोक 'आमची बदनामी' म्हणून ओरडतात त्यांनी ध्यानात घ्यावे. पण जायसीचा सुलतान जेव्हा चितोडमध्ये शिरतो तेव्हा सगळे जळून गेलेले असते. तो चिमूटभर नव्हे, मूठभर राख उचलतो आणि त्याला कळते की आपण ज्याच्यामागे धावलो ते सगळे मिथ्या होते. एका क्षणापुरते का होईना, कवीने त्याला माणूस केले. 2018 च्या चित्रपटाने ती मूठभर राख त्याच्या हातून काढून घेतली आणि त्या हातात मांसाचा तुकडा दिला. कोट्यवधी रुपये खर्चून दिग्दर्शकाला जे जमले नाही, ते जायसीने दोन ओळींत केले होते.

अफझलखानाकडे येतो, कारण तो आमच्या जिल्ह्यातून गेला आहे. सभासदाच्या बखरीत त्याने तुळजापूरची देवी फोडल्याचे लिहिले आहे. त्याआधी 1639 मध्ये शिऱ्याच्या कस्तुरीरंगाला त्याने दगा देऊन मारले, असे इतिहासकार सांगतात. असा माणूस कथेत खलनायक झाला तर त्यात नवल काय? त्याच्यासाठी वकीलपत्र घ्यायला मी निघालो नाही. विजापूरचा सरदार माझा मामा नव्हे. पण 1659 च्या त्या मोहिमेत खानाकडे कोण कोण होते ते पाहा. मंबाजी भोसले होते, खंडोजी खोपडे होते, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. शिवाजी महाराजांच्या निवडक दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. ही नावे बखरीत आणि इतिहासात आहेत. चौकातल्या देखाव्यात मात्र दोनच पुतळे उरतात, एक दाढीवाला आणि एक त्याचे पोट फाडणारा. स्वत: महाराजांनी वैर मेल्यावर संपवले. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाची कबर आहे. चाहत्यांनी मात्र खानाला दरवर्षी नव्याने मारायचे ठरवले आहे.

याची किंमत कोण मोजते हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवर अफझलखान वधाचे चित्र लागले आणि त्यावरून मिरज, सांगली, इचलकरंजी पेटली. 14 फेब्रुवारी 2025 ला 'छावा' प्रदर्शित झाला. महिनाभरात खुलताबादची कबर हटवा ही मागणी चढत गेली आणि 17 मार्चला नागपुरात दंगल झाली. एका तरुणाचा जीव गेला. या चित्रपटामुळे लोकांच्या भावना चेतल्या, असे मुख्यमंत्र्यांनीच विधानसभेत सांगितले. 1707 साली मेलेल्या बादशहाचा हिशेब 2025 साली हातगाडीवाल्याकडून वसूल होतो.

आमच्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे, आणि ते आम्ही तोंडातल्या तोंडात बोलतो. रझाकार. या शब्दाचा अर्थ स्वयंसेवक. मराठवाड्यात तो आज शिवी आहे आणि ती त्यांनी कमावलेली आहे. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा, म्हणजे तो परका नव्हता. गावे जाळली, माणसे मारली, हे आपण नाकारू नये. पण रझाकार म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे रझाकार हे समीकरण ज्यांनी केले त्यांनी 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना गोष्टीतून वगळले. 22 ऑगस्ट 1948 रोजी रझाकारांनी त्यांना ठार केले, कारण ते भारतात विलीन व्हा असे लिहीत होते. आणि पुढच्याच महिन्यात, पोलीस ॲक्शननंतर, त्याच समीकरणाने उस्मानाबाद जिल्ह्यात सूड उगवला. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले आणि त्या चार जिल्ह्यांतल्या बळींचा आकडा अठरा हजारांच्या घरात सांगितला. मेलेल्यांत रझाकार किती होते? ज्यांनी काही केले नव्हते अशा शेतमजूर, विणकर, शिपाई लोकांना 'तो तर पक्काच' या एका वाक्यावर मारले गेले. ते वाक्य मी नातवाच्या तोंडून ऐकले तेव्हा म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

एवढे ऐकून आपल्यातले काही बंधू माना डोलावतील. त्यांना थोडे थांबवतो. आपण लिहिणारे तरी काय करतो? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या वार्षिकांतून आणि संमेलनांतून आलेल्या कथा आठवा. आपला खलनायक कोण? पोट सुटलेला पुढारी, कपाळावर लांब टिळा. खवचट फौजदार. घर भाड्याने न देणारी सोसायटी. हे लोक खरे आहेत, मलाही भेटले आहेत. पण आपण त्यांना माया दिली नाही, पस्तावा दिला नाही, कारण दिले नाही. त्यांनी आपला खिलजी केला तसा आपण त्यांचा केला, फक्त आपल्याकडे पैसे कमी. आणि आपल्या मोहल्ल्यातला खलनायक कुठे आहे? बहिणीचा कुरआनने दिलेला हिस्सा सातबाऱ्यावरून गिळणारा भाऊ, जो पाच वेळा नमाजला पहिल्या रांगेत असतो? वक्फच्या जमिनीवर दुकाने काढणारा? तो आपल्या कथेत येत नाही, कारण तो आला तर 'बाहेरच्यांच्या हातात कोलीत मिळेल'. हमीद दलवाईंनी 'इंधन' (1965) मध्ये आपल्याच गावाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले, त्याबद्दल त्यांना काय काय ऐकावे लागले! त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. पण आपला वाईट माणूस आपण लिहिला नाही, तर तो दुसरा कुणीतरी लिहिणार आणि मग तो माणूस उरणार नाही, नुसती दाढी उरेल.

आपल्यावर सिनेमा आला की निवेदन द्यायचे, बंदी मागायची, ही आपली सवय झाली आहे. निवेदनाने पडदा बदलत नाही. बदलला तर उमर बिन सादसारखा एक माणूस मराठीत लिहिल्याने बदलेल. सुभेदारीच्या जागी पंचायत समितीचे सभापतिपद घाला, गाव परंडा घ्या की कळंब, बाकी सगळे जसेच्या तसे लागू पडते.

सुट्टी संपवून जाताना नातू वही विसरून गेला. ती माझ्याकडे आहे. खिलजी, औरंगजेब, अफझलखान या तिन्ही नावांपुढे मी पेन्सिलीने 'चर्चा बाकी' लिहून ठेवले आहे. खाली उमर बिन सादचे नाव वाढवले आहे, त्याच्यापुढेही तेच. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना पुन्हा ओसरीवर बसवणार आहे. अट एकच, प्रत्येकाला गब्बरएवढा वेळ.