संगीतशिक्षकाने वाचायलाच हवं



‘गाणं गुरुमुखातून येतं, मग संगीतशिक्षकांना पुस्तकं कशाला?’ असं मागील अंकातल्या एका पत्रात वाचलं. पहिला भाग मान्य. त्यावरून काढलेला निष्कर्ष मुळीच पटत नाही. गाता येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं.

भातखंड्यांची क्रमिक पुस्तकं सगळ्यांच्या हाताखालून गेलेली, पण आमच्यातले पुष्कळजण तिथेच थांबतात. वामनराव देशपांडे यांचं ‘घरंदाज गायकी’ (१९६१) घ्या. स्वर आणि लय यांच्या नात्यावरून किराणा, आग्रा, जयपूर या घराण्यांचा स्वभाव ते असा उलगडतात, की आपलंच घराणं खरं हा ताठा गळून पडतो. प्रा. बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ तर उशाशीच असावं. मोठे गायक कुणाकडून, किती सोसून शिकले ते त्यात कळतं.

माझ्याकडे तेरा वर्षांचा एक मुलगा आला. तार षड्जावर त्याचा आवाज चिरकायचा, म्हणून आधीच्या क्लासात त्याला ‘बेसूर’ ठरवून मागे बसवलं होतं. आवाज फुटण्याच्या वयात पट्टी उतरवावी, तार सप्तकाचा आग्रह सोडावा, हे मला आवाजसाधनेवरच्या पुस्तकांनी शिकवलं, गुरुजींनी नव्हे. गुरुजींविषयीचा आदर त्याने तसूभरही कमी होत नाही. मुलगा आता यमन मोकळेपणाने गातो.

संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या प्रत्येक विद्यालयात अशा पुस्तकांचं एक कपाट असावं आणि ते शिक्षकांसाठी उघडं असावं, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

– एक संगीतशिक्षिका, सांगली